सुरू होत नाही

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. बोट नीट पडलं नसेल असं वाटून तिने पुन्हा दाबलं, जरा जोर देऊन, आणि मग तिसऱ्यांदा अगदी हलकेच, रुसलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावावा तसं. एरवी बटणाच्या कडेला पांढरा ठिपका उजळायचा, आत कुठेतरी पंखा घरघरायला लागायचा, आणि पडदा उजेडाने भरेपर्यंत ती खुर्ची पुढे ओढून, केस मागे बांधून, कानांवर हेडफोन चढवून बसलेली असायची. आज पडदा काळा तो काळाच. त्या काळ्या काचेत तिला आपलाच चेहरा दिसला. इस्त्री केलेला निळा शर्ट, ओठांना लावलेला फिकट रंग, आणि डोळ्यांत वाट बघणाऱ्या माणसाची बावळट कळा. अकरा वाजता या पडद्यावर दोन अनोळखी माणसं येणार होती आणि तिची परीक्षा घेणार होती. नऊ वाजून गेले होते.

बाहेरच्या खोलीतून नानांनी विचारलं, "लॅपटॉप लागला नाही का गं?"

तिने काही आवाज केला नव्हता. तेच तर त्यांनी ऐकलं होतं. नाना, म्हणजे तिचे वडील, हल्ली घर कानांनीच बघायचे. रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्यांना त्या पंख्याची घरघर ऐकू यायची आणि मग ते आपल्या खुर्चीत सैल होऊन बसायचे. मुलगी कामाला लागली, म्हणजे दिवस रीतसर सुरू झाला. "लागतोय, वेळ घेतोय जरा," ती म्हणाली. खोटं बोलताना आवाज नेहमीसारखा ठेवणं आपल्याला किती सोपं जायला लागलंय, याचं तिलाच नवल वाटलं.

तिचं काम ऐकण्याचं. निरनिराळ्या हॉस्पिटलांतले डॉक्टर रोग्याला तपासून झाल्यावर जे बोलून ठेवायचे, ते ऐकून ती टाइप करायची. टेबलाखाली पायाशी एक पेडल होतं. ते दाबलं की डॉक्टर बोलायचा, सोडलं की जिभेवरच्या शब्दासकट थांबायचा. कोणी घाईत असायचा, कोणी जेवता जेवता बोलायचा, एक बाई तर प्रत्येक वाक्याआधी उसासा टाकायची. ती माणसं तिने कधी पाहिली नव्हती, त्यांचे रोगीही नाहीत, पण कुणाकुणाची यकृतं, गुडघे, रात्रीचे घाम तिला तोंडपाठ होते. दिवसभर कानात परक्यांची दुखणी आणि भिंतीपलीकडे आपल्या माणसाचं खोकणं. खोलीला एकच खिडकी होती आणि ती दोन इमारतींमधल्या बोळाकडे उघडायची. समोर पाइप, पाइपांखाली भिंतीवर उतरलेले गंजाचे ओघळ, आणि मान अगदी वाकडी केली तर वर बोटभर आभाळ. पूर्वी ही सामानाची खोली होती. तिनेच ती मागून घेतली होती, थोड्या दिवसांसाठी.

थोड्या दिवसांसाठीच तर आली होती ती. आई गेली तेव्हा दुसऱ्या शहरातून, दोन मैत्रिणींबरोबर घेतलेल्या भाड्याच्या घरातून, एक बॅग उचलून आली होती. नानांचे डोळे तेव्हा नुकतेच जायला लागले होते. आंधळे झाले नव्हते ते. नजरेचा मधला भाग गेला, कडा शिल्लक राहिल्या. समोरच्या माणसाचं तोंड बघायचं तर त्यांना मान वळवून त्याच्या कानाकडे बघावं लागायचं, आणि बघणाऱ्याला वाटायचं, यांचं काहीतरी बिनसलंय. मग अधूनमधून तोलही जायला लागला. थोडे दिवस नंतर कोणी मोजलेच नाहीत. मैत्रिणींपैकी एकीचं लग्न झालं, दुसरी फोन करेनाशी झाली, बॅग कपाटाच्या माथ्यावर चढली. नाना कधी 'राहा' म्हणाले नाहीत. 'जा' असंही म्हणाले नाहीत. ते ओरडणारे असते, घालूनपाडून बोलणारे असते, तर तिने केव्हाच दार आपटलं असतं. पण ते सकाळी आपल्या चादरीची घडी आपणच करायचे, चारी कोपरे बोटांनी चाचपून जुळवायचे, आणि ती भाजी आणायला निघाली की म्हणायचे, "सावकाश ये गं, मी कुठे पळून जातोय?" आणि ती धावतपळत परत यायची.

ती जाहिरात तिने सहज पाहिली होती. मोठ्या हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग, दुसरं शहर, तिथेच येऊन करायचं काम. खाली त्या विभागाचा फोटो होता. सहा टेबलं, पांढरे दिवे, आणि एका खुर्चीच्या पाठीवर कोणाचा तरी तपकिरी स्वेटर. त्या स्वेटरने तिचा घात केला. कोणीतरी तो काढून ठेवून उठून गेलं होतं, पाणी प्यायला असेल, नाहीतर कोणाशी तरी गप्पा मारायला, आणि ते पुन्हा येऊन बसणार होतं. आपण खुर्चीवरून उठून जावं आणि आपल्या मागे कोणाचं काही अडू नये, एवढंच तिला त्या फोटोत दिसलं. तिने अर्ज केला. पहिल्यांदा बोलावलं त्या दिवशी नानांना ताप भरला आणि तिने दिवस पुढे ढकलून मागितला. रेकॉर्ड विभागाच्या मुख्य बाईंनी तो दिला, पण सौम्यपणे असंही सांगितलं की आता यापुढे बदलता येणार नाही. परीक्षेचा प्रोग्राम त्यांनी पाठवला होता, तो एकाच मशीनवर बसवायचा होता, आणि तो तिने याच मशीनवर बसवला होता. काल रात्री सगळं नीट चालू होतं. घरात तिने कोणाला काही सांगितलं नव्हतं. नोकरी मिळाली तर सांगू, नाही मिळाली तर सांगायची वेळच येणार नाही. मिळाली तर पुढे काय, नानांचं काय, याचा विचार ती रोज करायची आणि तो रोज गॅसच्या शेगडीपाशी येऊन थांबायचा. शेगडी कोण पेटवणार, आणि पेटवली तर विझवणार कोण.

शेवटी तिने दादाला फोन लावला. दादा, तिचा मोठा भाऊ, परदेशात कॉम्प्युटरच्याच कामात होता.

"नाना बरे आहेत ना?" तो फोन उचलताच म्हणाला. हे त्याचं 'हॅलो' होतं.

"बरे आहेत. माझा लॅपटॉप सुरू होत नाही."

त्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला. ऐकण्याचंच तर ती खात होती. "अगं मग एवढ्यासाठी फोन? माझ्या पोटात गोळा आला ना. मला आता मीटिंग आहे बिट्टे."

"दोन मिनिटं सांग फक्त. काय करू?"

"आज सुट्टी घे की. एवढं काय अडलंय?"

एवढं काय अडलंय. तिच्या घशाशी ते सगळं आलं, आणि आलं तसं खाली गेलं. दादाला सांगायचं म्हणजे त्याने आधी गप्प होणं, मग 'तू विचार केलायस ना नीट?' असं विचारणं, मग 'मला इथून काही करता येत नाही, तुला माहीतच आहे' असं म्हणणं, हे सगळं ओघाने आलं. तो वाईट नव्हता. दर रविवारी फोन करायचा, औषधांची नावं विचारून लिहून घ्यायचा. फक्त तो लांब होता, आणि लांब असण्याबद्दल त्याला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. "अर्जंट काम आहे रे," ती म्हणाली.

मग तो विचारत गेला आणि ती करत गेली. चार्जर लावलाय? लावलाय. प्लग सैल नाही ना? नाही. दुसऱ्या सॉकेटमध्ये लाव. तिने टेबलाखाली रांगत जाऊन प्लग काढला, त्याच भोकात दिवा लावून बघितला, दिवा मुकाट्याने पेटला. खोली अंधारी कर आणि पडद्यावर मोबाइलची बॅटरी तिरपी मार, कधी पडद्याचा उजेड जातो पण आतलं चित्र चालू असतं. तिने खिडकी लावली, बॅटरी मारली, काचेला नाक टेकेपर्यंत वाकून बघितलं. काही नव्हतं. कान लाव, पंखा फिरतोय का बघ. तिने कीबोर्डवर कान टेकवला. गार होता. आत काहीही फिरत नव्हतं.

"आता चार्जर काढ आणि बटण दाबून धर. अर्धा मिनिट तरी. सोडू नकोस मी सांगेपर्यंत."

ती बटण दाबून उभी राहिली आणि का कोण जाणे, तिला ते माळरान आठवलं. नाना जमिनी मोजायचे. सरकारी सर्व्हेअर, पायात जाड बूट, वर्षातले सहा महिने उन्हात. एका सुट्टीत ते तिला बरोबर घेऊन गेले होते. शाळेत असेल ती, फ्रॉक घालायचं वय सरत आलेलं. त्यांचा माणूस आला नव्हता म्हणून आकडे लिहिलेली ती उंच पट्टी त्यांनी तिच्या हातात दिली होती. लांब जाऊन सरळ धरून उभी राहा, मी हात वर करेपर्यंत हलू नकोस. ती गेली, इतकी लांब की नाना बोटाएवढे दिसायला लागले. ते दुर्बिणीला डोळा लावून बघत होते. त्यांना ती जवळ दिसत असणार, तिच्या कपाळावरचा घामसुद्धा, आणि तिला मात्र त्यांचं तोंडही दिसत नव्हतं. वारा होता. पट्टी डोलायला लागली की तिकडून हात डावीकडे, हात उजवीकडे. पायाला मुंग्या चढत होत्या, पण ती हलली नाही. तिला भीती वाटत नव्हती. उलट अभिमानच वाटत होता, आपण हललो तर सगळ्या जमिनीचं माप चुकेल याचा. संध्याकाळी परत येताना नाना म्हणाले होते, "फार चांगली उभी राहतेस तू." त्या एका वाक्यावर ती किती दिवस हवेत होती.

"सोड," दादा म्हणाला. "लाव आता. दाब."

काही नाही.

"मग उघडावा लागेल. स्क्रूड्रायव्हर आहे ना घरात? उलटा कर, सगळे स्क्रू काढ, झाकण हळूच उचल. आत बॅटरीची बारीक वायर दिसेल, तिचं टोक सॉकेटमधून ओढून काढ. मग परत बटण दाबून धर. आत अडकलेली वीज निघून जाते. मग वायर लाव आणि बघ. बहुतेक वेळा एवढ्याने होतं. नाही झालं तर मदरबोर्ड गेला समज."

आईच्या शिवणयंत्राच्या खणात बारीक स्क्रूड्रायव्हर होता. तो आणायला ती बाहेरच्या खोलीतून गेली तेव्हा नाना खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, मान तिच्याकडे न वळवता, म्हणजे तिच्याकडे बघत. ते काही बोलले नाहीत. तिने परत येऊन लॅपटॉप टॉवेलवर पालथा घातला आणि तिचा हात थांबला. कोपऱ्यातला एक स्क्रू नव्हता. रिकाम्या भोकाभोवती काळ्या रंगावर ओरखडे होते, ताजे, चकचकीत. शेजारच्या स्क्रूच्या डोक्यावरही. जणू कोणीतरी जागा नीट न दिसताच पुन्हा पुन्हा टोकरलं होतं.

"काय झालं? गप्प का झालीस?" फोनमधून दादा म्हणाला.

"एक स्क्रू नाहीये."

"पडला असेल कुठेतरी. एकाने काही होत नाही."

"हो. तू जा मीटिंगला. करते मी." तिने फोन ठेवला.

स्क्रू आपणहून पडताना ओरखडे काढत नाही. ती तशीच उकिडवी बसून राहिली, आणि बघता बघता घरातल्या जुन्या गोष्टींनी एकेक करून तोंडं वळवली. परवा भाजी घेऊन आली तेव्हा तिच्या खोलीचं दार उघडं होतं आणि नाना पॅसेजमध्ये भिंतीला हात लावून उभे होते. "पाणी प्यायला उठलो होतो," ते म्हणाले होते, पण पाणी दुसऱ्या बाजूला होतं. खूप मागे, तिच्या जुन्या ऑफिसातून परत ये म्हणून फोन आला होता, तो नानांनी घेतला आणि तिला चार दिवसांनी सांगितला, "डोक्यातून गेलंच बघ." आणि ताप. थर्मामीटर तिने स्वतः वाचला होता, पण लावला त्यांनी होता, गरम चहाचा कप शेजारी होता. आपण हे काय विचार करतोय, म्हातारा माणूस चहात थर्मामीटर बुडवेल का, असं तिने स्वतःला दटावलं आणि लगेच तिला ते दृश्यच दिसलं, नाना चोरट्या बोटांनी कप चाचपताहेत. तिला लाज वाटली. लाजेच्या खाली मात्र दुसरंच काहीतरी होतं, आणि ते ओळखायला तिला एक क्षण लागला. तिला बरं वाटत होतं. इतकी वर्षं ती ज्या भिंतीला धडकत होती त्या भिंतीला कोणाचाच हात लागलेला नव्हता. आई आपल्या मरणाने गेली, डोळे आपल्या वयाने गेले, दादा आपल्या नोकरीने गेला, ती आपल्या पायांनी आली. रागवायचं कोणावर? आता कोणीतरी सापडलं होतं. ती उठली तेव्हा पावलं कशी ठाम पडली.

"नाना, माझ्या लॅपटॉपला हात लावलात तुम्ही?"

त्यांनी मान वळवली आणि तिच्या कानाकडे बघितलं. ते 'नाही' म्हणतील, मग ती ओरखडे सांगेल, मग ते गप्प होतील, असं तिने पॅसेजमध्येच ठरवलं होतं.

"हो," नाना म्हणाले. शर्टाच्या खिशात दोन बोटं घालून त्यांनी तो स्क्रू काढला आणि तळहातावर ठेवून हात पुढे केला. इवलासा काळा कण. "परवा. तू खाली गेली होतीस तेव्हा."

"का?"

"आज तुझी परीक्षा आहे ना. त्या हॉस्पिटलची."

तिने वळून आपल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"भिंत पातळ आहे बिट्टे. संध्याकाळी तू आरशापुढे उभी राहून बोलतेस. 'मी गेली काही वर्षं घरून काम करते आहे, मला चार माणसांत काम करायला आवडेल.' मग पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा नेहमी चांगलं बोलतेस. मी बिघडवायलाच गेलो होतो. खोटं कशाला सांगू. आईच्या मशीनमधला स्क्रूड्रायव्हर घेतला, एक स्क्रू निघाला, दुसऱ्याला लागलो. मग वाटलं, अरे, काय करतोस तू हे. परत लावायला गेलो तर भोक सापडेना. पुष्कळ चाचपलं. तुझी चावी ऐकली तसा उठलो."

"मग हा बंद कसा पडला?"

"ते मला माहीत नाही. झाकण मी उघडलंच नाही. तुला खरं वाटत नसेल तर राहू दे, मी तुझ्या जागी असतो तर मलाही वाटलं नसतं."

"आणि ताप?"

"कसला ताप?"

"मागच्या वेळचा. त्याच दिवशी बरोबर आला होता तो."

"अगं, तो खरा होता," नाना म्हणाले, आणि ते इतक्या दुखावलेल्या, शाळकरी स्वरात म्हणाले की तिला हसू येईल की काय अशी भीती वाटली. हसू आलं असतं तर सगळंच हातचं गेलं असतं. ती रागावून आली होती आणि तिच्या रागाला टेकायला त्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. ओरडायचं ते त्यांनीच, हळू आवाजात, सांगून टाकलं होतं. तिने स्क्रू उचलला. त्यांचा तळहात ओलसर होता.

"मला सांगायचंत तरी," ती म्हणाली.

"काय सांगणार? जाऊ नकोस म्हणून? तसं म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुझ्या आईला शेवटी तसं कबूल केलं होतं." मग विषय संपल्यासारखे ते म्हणाले, "दहा वाजले ना? मघाशी खालच्या दुकानाचं शटर वाजलं. मग इथे उभी का? उघड ते."

ते तिच्या मागोमाग आले. तिने नको म्हटलं नाही. ते पलंगाच्या कडेला बसले, हात पुढे करून, आणि ती एकेक स्क्रू काढून त्यांच्या तळहातावर ठेवत गेली. ते मूठ मिटत नव्हते, तळहात खोलगट करून स्थिर धरून होते, म्हणजे काही घरंगळू नये. किती दिवसांनी दोघं एका कामावर वाकली होती. तिच्या अगदी जवळ त्यांचा श्वास होता, दाढीच्या साबणाचा वास होता, आणि तिला एकाच वेळी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवावंसं वाटलं आणि त्या खोलीतून चप्पल न घालता पळत सुटावंसं वाटलं. झाकण निघालं. आत धूळ होती, केसांचा एक पुंजका पंख्यापाशी, तिचेच केस. बॅटरीची वायर तिने नखाने ढिली करून ओढली. मग बटण दाबून धरलं. नाना तोंडातल्या तोंडात काही मोजत होते. तिने वायर पुन्हा बसवली, चार्जर लावला, झाकण तसंच उघडं ठेवून लॅपटॉप कडेवर उभा केला आणि बटण दाबलं.

"लागला," नाना म्हणाले. पांढरा ठिपका तिला त्यानंतर दिसला.

कशाने बंद पडला होता आणि कशाने सुरू झाला ते कळलंच नाही. तिने भराभर झाकण बसवलं, स्क्रू फिरवले. नाना उठले, दाराच्या चौकटीला हात लावून जरा उभे राहिले. "मी चहा करत नाही, घाबरू नकोस," ते म्हणाले. "नुसता बसतो." त्यांनी बाहेरून दार लोटून घेतलं. बाहेर उघडणारं दार होतं ते, सामानाच्या खोलीचं असतं तसं. ते पूर्ण लागल्याचा आवाज तिने ऐकला.

अकरा वाजता पडद्यावर रेकॉर्ड विभागाच्या मुख्य बाई आल्या आणि त्यांच्याशेजारी एक डॉक्टर. बाईंच्या गळ्यात चष्म्याची साखळी होती. त्यांनी पहिल्यांदा तिच्याबद्दल विचारलं, आणि ती आरशापुढे बोलायची तशी बोलली, दुसऱ्यांदा बोलायची तशी. मग परीक्षा. तिने हेडफोन घट्ट बसवले, पाय पेडलवर ठेवला, आणि जगात फक्त एक आवाज उरला. घोगरा, घाईचा, वाक्याच्या शेवटी गिळला जाणारा. तिची बोटं चालायला लागली. हे तिला येत होतं. यात ती कोणापेक्षा कमी नव्हती, आणि हे आपल्याला येतं याचा तिला कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आनंद होत होता. तिसऱ्या रेकॉर्डिंगमधला डॉक्टर मध्येच थांबला, कागद चाळत असावा, आणि त्या पोकळीत तिला काहीतरी जाणवलं. ऐकू आलं म्हणता येणार नाही. खुर्चीच्या पायांतून, जमिनीतून आल्यासारखं. काहीतरी बसलं, किंवा पडलं, किंवा कोणीतरी वरच्या मजल्यावर कपाट सरकवलं. तिने एका कानावरचा हेडफोन बोटभर उचलला. घर गप्प होतं. पडद्यावर बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत होत्या. घड्याळ चालत होतं. नाना, असं तिच्या तोंडात आलं, जिभेवर पूर्ण आकाराचं, आणि तिने ते तिथेच थांबवलं, पेडल सोडल्यावर डॉक्टर थांबतो तसं. हाक आली नव्हती. हाक आली असती तर ती उठली असती, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि हेडफोन कानावर परत दाबला. रुग्ण शुद्धीवर आहे, डॉक्टर म्हणाला. तिने टाइप केलं, रुग्ण शुद्धीवर आहे.

शेवटी पडद्यावरचा डॉक्टर मुख्य बाईंच्या कानाशी काही बोलला. बाईंनी मान हलवली. "तुमचं काम आम्हाला आवडलं," त्या म्हणाल्या. "पत्र येईलच, पण मला आताच कळलं तर बरं. पुढच्या एक तारखेपासून येऊ शकाल?"

विचारून सांगते, असं म्हणायचं तिने ठरवलं होतं. "येईन," ती म्हणाली. शब्द इतका सहज निघाला की तिला वाटलं, तो बरीच वर्षं दाताआड नुसता बसून होता.

पडदा मोकळा झाला. हेडफोन काढून ती क्षणभर तशीच बसली, मग उठली आणि दार ढकललं. ते उघडलं नाही. तिने जोर दिला, तेव्हा चार बोटं सरकलं आणि कशाला तरी टेकलं, मऊ आणि जड.

"थांब, थांब," नाना म्हणाले. आवाज खालून येत होता, अगदी दाराला लागून.

"नाना? काय झालं? पडलात तुम्ही?"

"पडलो नाही. तोल गेला, मग भिंतीला धरून बसलो. बसलो तो दारालाच टेकून बसलो. आता उठता येत नाहीये."

"लागलंय का?"

"कमरेत जरा. फार नाही."

"केव्हा?"

"झाला वेळ."

फटीतून तिला त्यांचा खांदा दिसत होता आणि पांढऱ्या केसांची मागची बाजू. "हाक का नाही मारलीत?" तिचा आवाज चिरकला.

"परीक्षा होती ना," नाना म्हणाले. जणू पाऊस होता ना, असं म्हणावं तसे.

तिने कपाळ दाराच्या कडेला टेकवलं. ते तिथे, इतका वेळ, थंड फरशीवर, तिचं 'येईन' ऐकत बसले होते. त्यांनी दाराला कडी घातली असती तर तिने ती तोडली असती. खिडकीतून बाहेर पडायचं म्हटलं तर बोळ, पाइप, तीन मजले. कोणाला फोन करून बोलवायचं तर बाहेरच्या दाराला आतून कडी. आणि या एका दारामागे तो मुका राहिलेला म्हातारा.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"घेतलं. एक तारखेपासून."

"ऐकलं मी. तू हो म्हणालीस ते. त्यांचं ऐकू येत नव्हतं." मग थोड्या वेळाने, "चांगलं झालं." आणखी थोड्या वेळाने, "मला भीती वाटते गं. पण चांगलं झालं."

फटीतून हात घालून तिने त्यांच्या खांद्याला धरायचा प्रयत्न केला, पण हात कोपरापर्यंतच गेला. बोटांना शर्टाची शिवण लागली. "सरकता येतंय का? थोडंसं?"

"पाय साथ देत नाहीत. तू लोट."

"तुमची पाठ आहे दाराला. लागेल तुम्हाला."

"लागेल थोडं. मी हातांनी रेटतो, तू तिकडून लोट. फरशी गुळगुळीत आहे, जाईन मी सरकत."

"नको नाना. दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं काय आहे?" ते म्हणाले. त्यांनी तळहात फरशीवर टेकवल्याचा आवाज आला. "चल. लाव जोर. आणि मी कण्हलो तर थांबू नकोस."

तिने अनवाणी पाय फरशीवर रोवले, आणि दाराला खांदा लावला. पहिल्यांदा काहीच हललं नाही. मग दार बोटभर पुढे गेलं, आणि पलीकडून एक दबलेला, दातांतून आलेला आवाज आला. ती थांबली.

"लोट," नाना म्हणाले.

ती लोटू लागली.